टॉलिव्हरची दुसरी बायको

१२ मे १९७४, रविवार

आज चर्चच्या जेवणात ओमा जेसीने माझी झोप उडवली आणि वर वाढता वाढता म्हणाली, "बटाटे घे अजून, आवडतात ना तुला?"

ओमा माझी कितवी तरी लांबची बहीण. आम्ही दोघी ॲबनर टॉलिव्हरच्या वंशातल्या. दोनशे वर्षांपूर्वी, इंग्लंडच्या राजाचा अंमल होता तेव्हा, ॲबनर डोंगर ओलांडून क्लिंच नदीच्या या खोऱ्यात आला आणि इथलं पहिलं झाड त्याने तोडलं असं आम्ही छाती फुगवून सांगतो. ज्यांचं जंगल होतं त्या शॉनी लोकांना कोणी विचारलेलं नाही.

ओमाने भाऊ गार्नेटला खुर्चीत बसवून आणलं होतं. माणूस पन्नाशीचा. खांदा उडतो, पाय जागच्या जागी थिरकतात, तोंड वेडंवाकडं होतं. घास ओमा भरवते. आमच्याकडे या दुखण्याला 'नाच' म्हणतात. त्यांच्या आईलाही होता. आधी हातातून वस्तू पडायला लागतात, मग माणूस चिडका होतो, मग हे असं. मी आजवर समजत होते, त्यांचं घर, त्यांचं नशीब.

ओमा म्हणाली, "अगं व्हर्ने, रिचमंडहून डॉक्टर आला होता. आमची सगळी वंशावळ काढली त्याने. हे दुखणं ॲबनरच्या पहिल्या बायकोने आणलं म्हणे माहेराहून. केझाया तिचं नाव. बापाला नाहीतर आईला असलं तर पोरांना होण्याची शक्यता निम्मी निम्मी. पिढी चुकवून उडी मारत नाही. आणि तुमची ती धाकटी केझाया, जिच्यापासून तुमची शाखा निघाली, ती हिचीच मुलगी ना? नावसुद्धा आईचंच आहे बघ."

मी म्हटलं, आमच्याकडे कोणालाही नाच झालेला नाही. ती म्हणाली, "तुमच्याकडे म्हातारं कोण झालंय?"

खरं आहे. माझी आई तेहतिसाव्या वर्षी विषमज्वराने गेली, तिचा बाप खाणीत, त्याची आई बाळंतपणात, तिचा बाप युद्धात. दुखणं चाळिशीनंतर उगवतं, आणि आमच्यात चाळिशी बघितलेली मीच. सत्तेचाळीस संपतील आता. गार्नेटला पंचेचाळिशीत सुरू झालं, त्याच्या आईला पन्नाशीत.

नादीन शेजारीच बसली होती, तिने सगळं ऐकलं. माझी एकुलती एक लेक, इथून जवळच्या ब्रिस्टल शहरात नर्स आहे. ऑक्टोबरात तिचं डेलशी लग्न. येताना गाडीत बसेपर्यंत तिने धीर धरला. मग म्हणाली, "आई, हे पेशंट मी पाहिलेत. आपल्यात हे असेल तर मी डेलशी लग्न करणार नाही. मूल तर नाहीच नाही."

मी म्हटलं, "एका म्हातारीच्या बडबडीवर?"

"मग तू शोधून काढ. कोर्टात जुनी दप्तरं आहेत. जे निघेल ते मला खरं सांगायचं. शपथ घे."

घेतली. गाडी मीच चालवत होते. ती म्हणाली, "आई, पॅडलवरचा पाय स्थिर ठेव ना." या पोरीला माझं काहीच धड दिसत नाही.

२० मे, सोमवार

कोर्टाच्या दप्तरखान्यात कारकून आहेत मिस्टर प्रुइट. सरळ माणूस, पण बोलायला लागला की थांबत नाही. म्हणाले, "बाई, जुन्या काळच्या बायका शोधणं म्हणजे भुतं शोधणं. माहेरचं नाव कोणी लिहीत नसे. पण जमीन विकली की बायको सापडते."

कसं, तर नवऱ्याने जमीन विकली की त्यातला बायकोचा तिसरा हिस्सा तिला सोडावा लागे. त्यासाठी न्यायाधीश तिला नवऱ्यापासून बाजूला न्यायचे आणि विचारायचे, बाई, राजीखुशीने सोडतेस ना, की दटावलंय तुला? ती हो म्हणाली की तिचं नाव आणि तारीख खरेदीखताखाली लिहायचे. म्हणजे त्या दिवशी ती जिवंत होती एवढं तरी नक्की. मला गंमत वाटली. दटावून आणलेली बाई न्यायाधीशापुढे नाही म्हणणार आहे थोडीच!

दिवसभर वाचलं. अक्षर असं की कोंबडी शाईतून चालत गेलीये. शिवाय माझी ओळ सारखी सुटते, बोट ठेवलं तरी. चष्म्याचा नंबर वाढला असणार.

प्रुइट मध्येच म्हणाले, "बाई, थंडी वाजते का? खिडकी लावू?" मी म्हटलं, नाही. "नाही, पाय हलतोय म्हणून विचारलं." माझा पाय आहे, हलवीन नाहीतर नाचवीन!

असं तोंडावर नाही म्हटलं. पण बोलले काहीतरी, आणि जरा जोरातच. बिचारा खाली मान घालून गेला. उद्या त्याला ॲपल पाय न्यायला हवा.

४ जून, मंगळवार

सापडली! मार्च १७७९, ॲबनरने नदीकाठचा तुकडा विकला आणि 'त्याची पत्नी केझाया' हिला न्यायाधीशांनी बाजूला घेऊन विचारलं.

आणि पुढे दुसरं खत, सप्टेंबर १७८१. 'त्याची पत्नी टॅबिथा'.

मी मोठ्याने वाचलं तशी प्रुइट धावत आले. म्हणजे मधल्या अडीच वर्षांत थोरली केझाया गेली आणि दुसरी बायको आली. ओमाकडच्या डॉक्टरच्या वंशावळीत टॅबिथाचं नावच नाही. मोठा रिचमंडचा डॉक्टर!

आता एकच प्रश्न. आमची धाकटी केझाया कोणाच्या पोटची? पहिलीची असेल तर संपलं. दुसरीची असेल तर ते दुखणं आमच्या अंगणातसुद्धा आलेलं नाही. तिच्या कबरीवर नुसता डोंगरातला धोंडा आहे, एक अक्षर नाही. ती जन्मली कधी ते कुठेतरी सापडायलाच हवं.

प्रुइट म्हणाले, "नावावर जाऊ नका, बाई. तेव्हाची रीतच होती. दुसरी बायको आली की तिच्या पहिल्या मुलीला मेलेल्या पहिलीचं नाव ठेवायचे. मान म्हणून." कानामागून आलेल्या बाईने आपल्या लेकीला सवतीच्या नावाने हाक मारायची! पण मला त्या रीतीचा मुका घ्यावासा वाटला.

२३ जून, रविवार

काहीच सापडत नाही. करवसुलीच्या याद्यांत मुलींची नावं नसतात, बाप्तिस्मा लिहायला खोऱ्यात चर्च नव्हतं.

होबार्टने काचेचे कप माळ्यावर टाकून पत्र्याचे आणलेत. त्यातही कॉफी अर्धीच ओततो. तीस वर्षं संसार केला, हा माणूस इतका चिकट कधी नव्हता. मी म्हटलं, "का रे, कॉफी महागली?" तर म्हणाला, "दुसऱ्यांदा उठायला मला आवडतं."

कोर्टाच्या पायऱ्यांवर परवा पाद्र्याची बायको भेटली. बोलता बोलता तोंडाजवळ आली आणि चक्क हुंगून गेली! मी आयुष्यात दारूला शिवलेली नाही. पायऱ्याच झिजलेल्या आहेत, कोणीही अडखळेल. आज मी तिच्याशी बोलले नाही. प्रार्थनेच्या वेळी सगळे डोळे मिटून उभे आणि मी एकटी रडत होते. देवा, माझ्या लेकीचं लग्न का अडवतोस? तिने काय घोडं मारलंय तुझं?

१८ जुलै, गुरुवार

सुटलो! सुटलो! सुटलो!

प्रुइटनीच काढलं. नोव्हेंबर १८०३, धाकट्या केझायाचं लग्न ठरलं तेव्हा बापाने संमती लिहून दिली आहे: माझी मुलगी अजून सज्ञान झालेली नाही, माझी हरकत नाही. खाली ॲबनरची फुली, त्याला सही येत नसे. सज्ञान नसणं म्हणजे एकविसाच्या आत. म्हणजे जन्म १७८२ नोव्हेंबरच्या पुढचा. आणि टॅबिथा घरात आली १७८१ सप्टेंबरच्या आधी! एक लहान मूलसुद्धा ही वजाबाकी करील. केझाया टॅबिथाची. आम्ही टॅबिथाचे!

मी प्रुइटना मिठी मारली, त्यात शाईची दौत उपडी झाली. त्यांच्या पँटवर डाग, आणि तरी हसत होते.

कोर्टातूनच नादीनला फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. मी म्हटलं, "अगं, रडतेस की काय वेडे?" ती म्हणाली, "किती मेहनत घेतलीस गं आई." मी म्हटलं, आता झग्याला कापड घे. माझा जीव भांड्यात पडला. घरी येताना कुंपणाच्या खांबाला गाडी घासली, त्याचंसुद्धा हसू आलं. होबार्ट मात्र हसला नाही. किल्ली आता त्याच्याच खिशात असते.

४ ऑगस्ट, रविवार

नादीन आली होती. मी मक्याचा पाव, घेवडा आणि काकवी असं तिच्या आवडीचं केलं. काकवीची बरणी फुटली, पण ती बुळबुळीतच होती.

जेवण झाल्यावर तिने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "आई, माझी दोन बोटं घट्ट धरून ठेव बघू." लहानपणीचा खेळ वाटला मला. धरली. ती म्हणाली, "सोडू नकोस ना." मी म्हटलं, सोडतेय कुठे? "अगं, गाय दोहल्यासारखी धरतेस सोडतेस." दोघी हसलो. मग म्हणाली, जीभ बाहेर काढून ठेव. मी म्हटलं, हा कुठला नर्सपणा, सुट्टीच्या दिवशी? पण काढली. माझी जीभ कधी जागेवर राहिलीये, साऱ्या खोऱ्याला माहीत आहे!

ती हसत हसत उठली आणि बाहेर ओसरीवर गेली. होबार्ट पाठोपाठ गेला. दोघं बराच वेळ बोलत होते. लग्नाच्या खर्चाचं असणार. मला बघून गप्प झाले.

झग्याचं कापड अजून घेतलेलं नाही म्हणाली.

१७ ऑगस्ट, शनिवार

मला कोणी सांगितलं होतं ओमाकडे जायला? मिरवायला गेले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

ओसरीवर ती शेंगा सोलत होती, गार्नेट आत ओरडत होता. मी अगदी गोड आवाजात सांगितलं, की बाई, आम्ही केझायाचे नाहीच, आम्ही दुसऱ्या बायकोचे, टॅबिथाचे.

तिने शेंग सोलली. म्हणाली, "बरं झालं गं. पण ही टॅबिथा कोणाची?"

"कोणाची म्हणजे? दुसरी बायको."

"अगं, पण आली कुठून? घरात चार आईवेगळी पोरं, बाहेर जंगल, युद्ध चाललेलं, दोन दिवसांच्या वाटेत शेजारी नाही. अशा माणसाला परकी बाई कोण देणार? तो कुठे जाईल? सासऱ्याकडेच. म्हणेल, तुमची नातवंडं आहेत, धाकटीला पाठवा सांभाळायला. ती येते पोरं सांभाळायला आणि राहते. माझ्या आजोबाने तेच केलं, त्याच्या भावाने तेच केलं. डोंगरात दुसरी बायको म्हणजे मेव्हणीच असायची."

मी म्हटलं, मेव्हणीशी लग्नाला तेव्हा कायद्याने बंदी होती, प्रुइटनी सांगितलंय.

"म्हणूनच कुठे लिहिलेलं नसेल," ओमा म्हणाली. "कायदा डोंगरापलीकडे राहिला आणि ॲबनर इकडे आला."

 बहीण! एकाच आईबापाच्या पोटची. एकीत होतं ते दुसरीत असेलच असं नाही. पण नसेलच असंही नाही. मी दोन महिने ही बायको की ती बायको करत बसले, आणि दोघी एकाच अंगणातल्या असतील हे मला एकदाही सुचलं नाही. ओमाला शेंगा सोलता सोलता सुचलं.

माझा चेहरा बघून ती उठली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, "माझं काय ऐकतेस? मी अंदाज केला." जाताना तिने मला पायरीवरून हाताला धरून उतरवलं. मी तिला झिडकारलं.

२९ ऑगस्ट, गुरुवार

होबार्टला म्हटलं, मला डोंगरापलीकडच्या जुन्या जिल्ह्याच्या कोर्टात ने. केझायाचा बाप इझिकिएल स्ट्रोड तिथला, एवढं डॉक्टरच्या कागदात होतं. त्याने का म्हणून विचारलं नाही, गाडी काढली. वाटभर नुसता तंबाखूच्या शेतांबद्दल बोलत होता.

म्हाताऱ्याचं मृत्युपत्र सापडायला अर्धा तास लागला नाही. १७९७. घोडी कोणाला, नांगर कोणाला, आणि मग हे. अक्षरं उड्या मारत होती, वाचायचंही नव्हतं, तरी मी वाचलं:

'माझी मुलगी टॅबिथा, जी आपल्या मृत बहिणीच्या जागी ॲबनर टॉलिव्हरच्या घरी गेली, आणि जिला आता आपले हातपाय आवरत नाहीत व स्वतःच्या हाताने जेवता येत नाही, तिला तिच्या भावाने ती मरेपर्यंत सांभाळावे.'

हातपाय आवरत नाहीत.

ओमाचा अंदाज नुसता खरा नाही निघाला. बहिणीच्या जागी गेली आणि बहिणीचं दुखणंही तिच्यात होतंच. आणि तिने आपल्या पहिल्या मुलीला बहिणीचं नाव ठेवलं, सवतीचं नव्हे. मला त्या बाईची इतकी दया आली की स्वतःचं क्षणभर विसरले. मग आठवलं, आणि उभी होते तिथेच खाली बसले. 

होबार्टने उचललं. "काय निघालं?"

"काही नाही. जमिनीचं आहे सगळं."

त्याने माझे कपडे झटकले. येताना मध्ये गाडी थांबवून मला आइस्क्रीम घेऊन दिलं, लहान पोरीला द्यावं तसं. अर्धं अंगावर सांडलं. त्याने पुसलं.

१ सप्टेंबर, रविवार

शपथ आहे. जे निघेल ते खरं सांगायचं.

खरं सांगितलं तर उद्या डेल घराबाहेर. लेक जन्मभर एकटी, आणि रोज सकाळी आपले हात बघत उठणार. कशासाठी? कदाचित तिच्यात ते नाहीच. सहा पिढ्यांत कुठे ना कुठे ते गळून पडलं असेल. असेलच, मी धडधाकट नाही का? जरा धांदरट झालेय, कबूल. चार महिने या चिंतेत काढल्यावर कोण होणार नाही? पण सांगायला मी गेले तर ती या 'कदाचित'वर विश्वास ठेवणार नाही. ती माझ्यासारखी हट्टी आहे.

नाही सांगणार. जो काय जाब द्यायचा तो वर गेल्यावर मी देईन.

७ सप्टेंबर, शनिवार

सांगून टाकलं. जेवताना, सगळ्यांदेखत, शेंगदाण्याचं टरफल टाकावं इतक्या सहज. "टॅबिथा कोण होती तेही शोधलं बरं का. पेनसिल्व्हेनियाच्या एका जर्मन लोहाराची मुलगी. स्ट्रोडशी काडीचा संबंध नाही. आता डॉक्टरलाच पत्र लिहिते, वंशावळ दुरुस्त कर म्हणावं."

नादीन माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता पकडलं हिने. पण नाही. उठली, माझ्या मागे येऊन दोन्ही हातांनी मला आवळून धरलं. हलताच येईना मला. म्हणाली, "मग झालं तर. आता तू दप्तरं बंद कर, आई. दमलीस."

होबार्ट खिडकीतून बाहेर बघत होता.

पचली थाप! इतकी शिकलेली नर्स, पण आईपुढे पोरच.

२२ सप्टेंबर, रविवार

नादीनने ब्रिस्टलची नोकरी सोडली. इथल्या दवाखान्यात लागलीये आणि आपल्या जुन्या खोलीत राहायला आली. म्हणते भाडं वाचतं. लग्न वसंतात करू म्हणाली, डेलची तंबाखूची कामं आहेत. मला जरा वाईट वाटलं, पण तंबाखू थांबत नाही हे खरं. साखरपुड्याची अंगठी बोटात नाही म्हणून मी दचकले, तर म्हणाली दवाखान्यात चालत नाही, जंतू बसतात. डेल अंगणात येऊन गेला. आत आला नाही. त्याचे डोळे लाल होते, ताप असावा. मी हाक मारली तर टोपी काढून उभा राहिला आणि तसाच गेला.

१३ ऑक्टोबर, रविवार

ओळी वरखाली जातायत, पेन अगदी टाकाऊ आहे. नादीन म्हणते मी सांगते ते ती लिहून देईल. मी म्हटलं, माझी दैनंदिनी तू कशी लिहिणार, वेडे?

पूर्वी इतकी मायाळू नव्हती. आता माझ्या ताटातलं मांस बारीक कापून देते, बुटांच्या नाड्या बांधते, आंघोळीला दाराशी उभी राहते. आज म्हटलं, "अगं, मी काय गार्नेट आहे?" तर इतकी हसली, इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. तोंडावर फडकं धरून आत पळाली. मनावरचं ओझं उतरलं की माणूस असंच हसतं. तेवढ्यासाठी मी शपथ मोडली, आणि पुन्हा मोडीन.

फक्त तिचे हात मी रोज बघते. तिला कळणार नाही असं बघते. आज सुई ओवत होती, एका दमात ओवली. थरथर नाही, काही नाही. देवा, मी तुझ्याकडे दुसरं काही मागत नाही. असलंच ते आमच्यात, तर माझ्यापाशी थांबव.

मान वर केली तर ती माझ्या हातांकडे बघत होती.